न दाखवलेल्या कागदांची यादी

कोकणात तीन गुंठ्यांच्या तुकड्यावरून भावकीत वाद पेटला, तर दोन्ही बाजूंना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: त्या तुकड्याचा जो काही कागद तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण वाडीत अजून तलाठीच म्हणतात), तहसील कार्यालयात किंवा भूमी अभिलेख खात्यात असेल, तो शुल्क भरून आणि थोडी चिकाटी धरून आपल्याला मिळू शकतो. आजोबांच्या वेळचा फेरफार, कुळाची नोंद, मोजणीचा नकाशा, यांपैकी एखादा कागद चुलतभावाला अडचणीचा असला, तरी तो दडवून ठेवण्याची सोय चुलतभावाला नसते. वाद दिवाणी न्यायालयात गेलाच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशाखाली न्यायालय प्रतिपक्षाला असेही सांगू शकते की, दाव्याशी संबंध असलेले जे जे कागद तुमच्या ताब्यात आहेत किंवा होते, त्या सर्वांची यादी शपथेवर द्या. फणसाचे एक झाड कोणाच्या हद्दीत येते एवढाच प्रश्न असला तरी कायद्याने ही तजवीज केली आहे.

आता त्याच बांधावर मारामारी झाली आणि त्याच माणसावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, असे समजू. ज्या कागदांवर सरकार पक्षाची भिस्त आहे तेवढेच कागद आणि ज्यांना साक्षीदार म्हणून तपासायचे आहे त्यांचेच जबाब तपासी अंमलदाराने दोषारोपपत्रासोबत पाठवायचे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३ सांगते, आणि कलम २३० प्रमाणे आरोपीला, तो हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, त्याच कागदांच्या नकला विनामूल्य मिळतात. पोलिसांनी दहा जणांचे जबाब घेतले आणि त्यांतल्या तिघांनी ‘हा माणूस तिथे नव्हता’ असे सांगितले, तर ते तिघे सरकारी साक्षीदारांच्या यादीत येत नाहीत आणि म्हणून त्यांचे जबाबही दोषारोपपत्रात येत नाहीत. केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीत, त्यांचा उल्लेख असेल. पण केस डायरी न्यायालयाने पाहायची असते, आरोपीला ती एरवी मागता येत नाही. झाडाच्या हद्दीसाठी जी सूची शपथेवर मागता येते, ती माणसाच्या आयुष्यातली दहा वर्षे पणाला लागली असताना कायद्याच्या संहितेत नाही, ही विसंगती मला गेली कित्येक वर्षे सतावते आहे.

मी वकील नाही. रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली, आणि सरकारी नोकर सापडला की त्याला पंच म्हणून उभे करायचे या रीतीप्रमाणे दोन-तीनदा पंचही झालो. त्यांतला एक प्रसंग चोरीचा होता. एका बंद घरातून तांब्यापितळेची भांडी गेली होती. सकाळी त्या घराचा, तुटलेल्या कडीकोयंड्याचा पंचनामा झाला आणि त्यावर मी सही केली. दुपारी संशयिताच्या घराची झडती झाली, तिथे काहीही सापडले नाही, त्याचाही पंचनामा लिहिला गेला आणि त्यावरही मी सही केली. अशा पंचनाम्याला ‘निरंक’ म्हणतात. चारएक वर्षांनी साक्षीसाठी न्यायालयात गेलो तेव्हा माझ्यापुढे फक्त सकाळचा पंचनामा ठेवण्यात आला. दुपारच्या झडतीबद्दल सरकारी वकिलांनी विचारले नाही, कारण तो कागद त्यांच्या कामाचा नव्हता. आरोपीच्या वकिलांनी विचारले नाही, कारण असा कागद असल्याची खूण त्यांच्यापुढच्या गठ्ठ्यात कुठेच नव्हती. आणि साक्षीदाराने विचारल्याखेरीज बोलायचे नसते, असे मला बाहेर बाकावर बसलेल्या हवालदारांनी आधीच बजावले होते. तो माणूस पुढे सुटला, पण वेगळ्याच कारणाने. कोणी कपटाने तो निरंक पंचनामा गाळला असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. उपयोगाचा नाही म्हणून तो बाजूला ठेवला गेला, आणि उपयोगाचा कोणाला, हा प्रश्न विचारणे कोणाच्या कामात बसत नव्हते. प्रश्नाचे मूळ मला इथे दिसते. दुष्ट पोलीस आणि निष्पाप आरोपी अशा नाटकी मांडणीत ते सापडत नाही.

अर्थात प्रत्येक वेळी गोष्ट भांड्याकुंड्यांची नसते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी दिला, तो प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवा होता. प्रत्यक्षात तो दोन दिवस वर्तमानपत्रांत राहिला आणि विरला. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका बागेतल्या झोपडीवर रात्री हल्ला झाला, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला आणि अत्याचारही झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी कमी करून जन्मठेप दिली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. फेरविचाराचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. फाशीच्या शिक्षेवरील फेरविचार बंद दालनात न होता खुल्या न्यायालयात ऐकला जावा, असे २०१४ साली दुसऱ्याच एका प्रकरणात ठरले आणि त्यामुळे हे प्रकरण पुन्हा उघडले. तेव्हा जे ठळकपणे समोर आले ते असे की, हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांकडच्या छायाचित्रांच्या संग्रहातून चार माणसांना ओळखले होते आणि तसा तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला गेला होता. ते चौघे या सहा आरोपींपैकी नव्हते. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि ही बाब सरकार पक्षाने दडपली, असे न्यायालयाने म्हटले. सहाही जण निर्दोष सुटले. तोवर त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, आणि त्यांच्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

या प्रकरणात तीन न्यायालयांतल्या न्यायाधीशांनी कागद वाचले होते, साक्षी ऐकल्या होत्या, युक्तिवाद तपासले होते. त्यांच्यात कोणी निष्काळजी होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे जे आणले गेले त्यावरून त्यांनी निर्णय दिला. न्यायाधीश कितीही सूक्ष्मदर्शी असला तरी जो कागद टेबलावर येतच नाही त्याचे वजन तो करणार कसे? आपल्याकडे चुकीच्या शिक्षेची चर्चा निघाली की ती लगेच खोटे साक्षीदार, कोठडीतला कबुलीजबाब आणि मारहाण यांच्याकडे वळते. ते सारे खरेच आहे. पण खोटा साक्षीदार निदान उलटतपासणीत सापडण्याची शक्यता असते. न दाखवलेला कागद उलटतपासणीला उभाच राहत नाही.

ही केवळ आपल्याकडची व्याधी नाही. कोकणी वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण म्हणून ब्रिटनमधल्या पोस्टमास्तरांचे देतो. गिरणीतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की घरात तांदूळ येणार, अशा काळात वाढलेल्या आपल्या पिढीला पोस्टमास्तराच्या वहीतल्या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शाखेच्या हिशेबात तूट दिसली की त्या माणसाची गावातली पत त्याच दिवशी संपते. खटला नंतर उभा राहतो. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून शाखांमध्ये ‘हॉरायझन’ नावाची, फुजित्सू कंपनीची संगणक प्रणाली बसवली. त्या प्रणालीत चुका होत्या आणि नसलेल्या तुटी ती दाखवत असे. पुढच्या सुमारे सोळा वर्षांत नऊशेहून अधिक शाखाचालकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले, आणि त्यांतले सुमारे सातशे खटले पोस्ट खात्याने स्वतःच फिर्यादी होऊन चालवले होते. कित्येकांना ‘असा त्रास फक्त तुम्हालाच कसा होतो’ असे विचारले गेले. प्रत्यक्षात प्रणालीतल्या ज्ञात चुकांची एक नोंद ठेवली जात होती. ती बचाव पक्षांपर्यंत पोहोचली नाही. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एका दिवसात ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, आणि २०२४ साली तिथल्या संसदेला कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकगठ्ठा पुसून टाकाव्या लागल्या. इंग्लंडसारख्या देशात संसदेने न्यायालयांचे निकाल असे सरसकट रद्द करावेत, ही गोष्ट तिथल्या कायदेपंडितांना पचायला जड गेली असणार; पण एकेक अपील ऐकत बसावे तर निकाल लागेपर्यंत माणसे जिवंत राहणार नाहीत, अशी वेळ आली होती.

या उदाहरणाचे वैशिष्ट्य हे की, इथे कागद उघड करण्याचा कायदा होता आणि तरीही तो पाळला गेला नाही. १९७४ च्या एका बॉम्बस्फोटासाठी अठरा वर्षे तुरुंगात राहिलेल्या महिलेची दोषसिद्धी १९९२ साली रद्द झाली, कारण सरकार पक्षाने आणि त्याच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तिच्या बाजूची माहिती दिली नव्हती. त्यानंतर १९९६ साली ब्रिटनने कायदा केला. आज तिथे पोलिसांना खटल्यात न वापरलेल्या साहित्याची वेगळी सूची करून सरकारी वकिलाकडे द्यावी लागते, आणि त्यातले जे बचावाला उपयोगी पडू शकेल ते उघड करावे लागते. असे असूनही २०१७ साली लंडनमध्ये एका विद्यार्थ्यावरचा बलात्काराचा खटला ऐन सुनावणीत कोसळला, कारण फिर्यादी तरुणीच्या फोनमधले सुमारे चाळीस हजार संदेश तपासले गेल्याचे सांगून ते बचावाला दिलेच गेले नव्हते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरवून दिले की, आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकार पक्षाने दडवणे हा घटनाभंग आहे. त्यानंतर अर्ध्याहून अधिक शतक उलटल्यावर तिथल्या निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या राष्ट्रीय नोंदणीने २,४०० प्रकरणे तपासून २०२० साली अहवाल दिला, त्यात ४४ टक्के प्रकरणांत बचावाच्या उपयोगाचा पुरावा लपवला गेल्याचे आढळले. तेव्हा एक कायदा केला की प्रश्न मिटला असे मी म्हणत नाही. पण कायदा असल्यामुळे निदान काय मोडले गेले हे तिथे सांगता येते. आपल्याकडे मोडायलाही काही नव्हते.

नव्हते, असे म्हणताना थोडी दुरुस्ती करायला हवी. फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २० एप्रिल २०२१ रोजी नमुना नियम मान्य करून सहा महिन्यांत ते आपापल्या नियमावलीत घ्यावेत असे सर्व उच्च न्यायालयांना सांगितले. त्यांतला एक नियम असा की, आरोपीला जबाब, कागद आणि मुद्देमाल यांची जी यादी दिली जाते, तिच्यात तपासी अंमलदाराने ज्यांच्यावर भिस्त ठेवलेली नाही असे जबाब, कागद आणि वस्तू कोणत्या, हेही नमूद असावे. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, मध्य प्रदेशातल्या एका तिहेरी खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हाच नियम पुन्हा ठासून सांगितला. त्या पीठाचे ज्येष्ठ न्यायमूर्ती उदय लळीत होते, ज्यांच्या घराण्याचे मूळ आपल्या सिंधुदुर्गातले. आणि मे २०२५ मध्ये, आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखालच्या प्रकरणातही, अंमलबजावणी संचालनालयाने न वापरलेल्या कागदांची यादी आरोपीला मिळाली पाहिजे, असा निर्णय झाला.

म्हणजे न्यायालयांनी रस्ता आखला आहे. संसदेने काय केले? २०२३ साली तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, वसाहतवादी खुणा पुसल्याचे सांगितले गेले, कलमांचे क्रमांक बदलले आणि वकिलांना पुन्हा पाठांतर करावे लागले. १ जुलै २०२४ पासून ते लागू झाले. पण नकला देण्याचे जे कलम जुन्या संहितेत २०७ होते आणि नव्यात २३० झाले, त्यात आरोपीसोबत पीडितालाही नकला मिळतील आणि त्या चौदा दिवसांत मिळतील, या चांगल्या गोष्टी आल्या. न वापरलेल्या कागदांच्या यादीचा शब्द मात्र आला नाही. त्याआधी दोनच वर्षे सर्वोच्च न्यायालयाने आखून दिलेला नियम समोर असताना तो संहितेबाहेर राहिला, याला नजरचूक म्हणणे मला जड जाते.

आपल्या कायद्यात कागद मागवण्याचे कलमच नाही, असे नाही. जुने कलम ९१, आजचे ९४, न्यायालयाला कोणताही कागद हजर करण्याचा हुकूम देण्याची मुभा देते. पण आरोप निश्चित होण्याच्या टप्प्यावर आरोपीला त्या कलमाचा आधार मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २००४ साली ठरवले. पुढे, अत्यंत भरवशाचा पुरावा तपासी यंत्रणेने मागे ठेवला असेल तर न्यायालय तो त्या टप्प्यावरही मागवू शकते, अशी फट ठेवली गेली. शिवाय पुरावा कायद्यात एक जुने अनुमान आहे, की जो पुरावा एखादा पक्ष हजर करू शकत होता आणि त्याने केला नाही, तो हजर झाला असता तर त्याच्याविरुद्ध गेला असता, असे न्यायालय मानू शकते. ही दोन्ही शस्त्रे उत्तम आहेत. पण ती चालवण्यासाठी आरोपीला तो कागद अस्तित्वात आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

हे कसे घडते ते आपल्या किनाऱ्यावरच्या एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, एका खलाशावर रात्री अकरा वाजता गावात झालेल्या हाणामारीचा आरोप आहे आणि त्याचे म्हणणे असे की आपण त्या वेळी नौकेवर होतो. नौका बंदरातून सुटताना नोंद होते, सोसायटीच्या पंपावर डिझेल घेतल्याची नोंद होते, तांडेलाला, म्हणजे नौकेवरच्या प्रमुखाला, ठाऊक असते की नौकेवर कोण कोण होते. पोलिसांनी बंदरावरची वही पाहिली, तिचा उतारा घेतला, तांडेलाचा जबाब घेतला, आणि फिर्यादीच्या बाजूचे चार साक्षीदार पुरेसे वाटल्याने हे सारे दोषारोपपत्राबाहेर ठेवले. खलाशी तीन महिने न्यायालयीन कोठडीत आहे. नवा हंगाम लागताच तांडेल दुसऱ्या मालकाकडे गोव्याला गेला आहे. वही भरली, नवी आली, जुनी कुठल्यातरी खोलीत पडली, आणि आपल्या पावसाळ्यात अशा खोलीतल्या कागदाचे काय होते हे इथे राहणाऱ्याला विचारावे लागत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा घरोघरीच्या दप्तरांचा जो लगदा झाला तो आपण पाहिला आहे. खटला सुरू होईल तेव्हा आरोपीच्या वकिलाने मागायचे तरी काय? ‘पोलिसांकडे माझ्या उपयोगाचे काही असेल तर ते द्या’ असा मोघम अर्ज न्यायालय फेटाळते, आणि नेमका अर्ज करण्याइतकी माहिती फक्त पोलिसांकडे असते. त्याच्या दोषारोपपत्रासोबत एक पान जास्त असते, ज्यावर ‘बंदर नोंदवहीचा उतारा, अमुक तारखेचा; तांडेलाचा जबाब, अमुक तारखेचा’ एवढे दोन ओळींत लिहिलेले असते, तर अर्ज पहिल्याच आठवड्यात झाला असता.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत वजनदार मला साक्षीदारांच्या सुरक्षेचा वाटतो, आणि तो शहरापेक्षा आपल्याकडे जास्त लागू पडतो. पस्तीस उंबरठ्यांच्या वाडीत साक्षीदार आणि आरोपी एकाच विहिरीवर पाणी भरतात आणि शिमग्यात एकाच पालखीला खांदा देतात. पोलिसांना गुपचूप काही सांगणाऱ्या माणसाचे नाव यादीत आले, तर उद्या पोलिसांशी कोणी बोलणार नाही, हा धोका खरा आहे. पण यावर उपाय कायद्यातच आहे. जबाबातला एखादा भाग आरोपीला देणे सार्वजनिक हिताचे नाही असे तपासी अंमलदाराला वाटले, तर तो भाग वगळावा अशी विनंती कारणांसह दंडाधिकाऱ्यांना करण्याची तरतूद जुन्या संहितेत होती आणि नव्यातही आहे; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिलेली साक्षीदार संरक्षण योजनाही आहे. फरक एवढाच, की काय झाकायचे याचा निर्णय न्यायालयाने करायचा. पोलीस ठाण्यातल्या कपाटापाशी तो होऊ नये. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पीडितेच्या खासगीपणाचाही प्रश्न येतो, आणि तिथे २०१९ साली केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखवलेली वाट योग्य वाटते: चित्रफितीची नक्कल आरोपीच्या हातात देऊ नये, मात्र त्याच्या वकिलाला आणि तज्ज्ञाला ती न्यायालयाच्या देखरेखीत पाहू द्यावी.

दुसरा आक्षेप असा की, यामुळे गुन्हेगार सुटतील. हा आक्षेप मी चहाच्या टपरीपासून सुशिक्षित घरांपर्यंत ऐकला आहे, आणि त्यामागची चीड मला समजते, कारण खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि साक्षीदार फितूर होतात हे आपण पाहतो. परंतु ज्या मध्य प्रदेशातल्या प्रकरणात यादीचा नियम ठासून सांगितला गेला, त्या प्रकरणातल्या आरोपींची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने कायमच ठेवली. फाशी तेवढी कमी केली. भक्कम खटला एका जास्तीच्या पानाने कोसळत नाही. तसा तो कोसळत असेल, तर तो खटला मुळात भक्कम नव्हता आणि खरा गुन्हेगार दुसरीकडे मोकळा फिरतो आहे. तपासावरचा बोजा वाढेल, ही तक्रार मी फारशी गांभीर्याने घेऊ शकत नाही. तपासात गोळा झालेल्या प्रत्येक कागदाची नोंद केस डायरीत आधीच असते; तिच्यावरून यादी करणे हे कारकुनाचे एका दुपारचे काम आहे.

११ जुलै २००६ च्या उपनगरी गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्याचा उल्लेख टाळणे बरोबर होणार नाही, कारण त्या गाड्यांनी रोज प्रवास करणारी आपली कितीतरी माणसे होती. विशेष न्यायालयाने २०१५ साली दोषी ठरवलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल काय लागावा यावर मी बोलत नाही. मात्र आपण घटनेच्या वेळी कुठे होतो हे दाखवण्यासाठी मोबाइल कॉलच्या नोंदी मिळाव्यात, एवढ्यासाठी त्या खटल्यातल्या आरोपींना मधल्या काळात उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. मृतांच्या नातेवाइकांनी एकोणीस वर्षे वाट पाहिली आणि अजूनही त्यांना अखेरचे उत्तर मिळालेले नाही. कागद सुरुवातीलाच समोर आले असते, तर ज्या कोणाच्या बाजूने निकाल जायचा तो लवकर गेला असता, असे म्हणायला हरकत नसावी.

या सगळ्यात कोकणातल्या माणसाची एक वेगळी अडचण होती आणि ती अंतराची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आरोपीला सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की अपिलासाठी मुंबईचा वकील, मुंबईचा मुक्काम आणि मुंबईची तारीख आली. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापूरला सुरू झाले आणि या दोन जिल्ह्यांची अपिले आंबा किंवा फोंडा घाट चढून जाण्याइतकी जवळ आली. रायगड मात्र मुंबईलाच जोडलेले आहे. ही सोय मोठी आहे. पण अपील न्यायालय खालच्या न्यायालयाच्या दप्तरावर चालते. जो कागद तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून निघालाच नाही, तो घाट चढून कोल्हापूरला कसा पोहोचणार? म्हणून नव्या खंडपीठाच्या वकील संघटनांनी आणि आमच्या जिल्ह्यांतल्या लोकप्रतिनिधींनी इमारती, वाहनतळ आणि दालनांच्या मागण्यांसोबत ही एक मागणीही धरावी: कलम २३० मध्ये दुरुस्ती होईपर्यंत राज्याच्या गृह विभागाने परिपत्रक काढून प्रत्येक दोषारोपपत्रासोबत न वापरलेल्या साहित्याची यादी सक्तीची करावी, तिच्यावर तपासी अंमलदाराची सही असावी, आणि ती आपण पाहिली अशी सरकारी वकिलाचीही सही असावी. दुसऱ्या सहीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो, तो न्यायालयाला साहाय्य करणारा अधिकारी असतो, हे वाक्य निकालपत्रांतून वारंवार लिहिले गेले आहे. त्याची सही मागितली, म्हणजे त्या वाक्याला काही अर्थ येईल. निरंक पंचनामे, जुळून न आलेले न्यायवैद्यक अहवाल, ओळख परेडमध्ये आरोपीला न ओळखणाऱ्यांची नावे आणि आता झडतीच्या वेळी नव्या कायद्याने सक्तीचे केलेले चित्रीकरण, हे सारे त्या यादीत यायला हवे.

आणि यादी दिली नाही तर काय? आज याचे उत्तर ‘काही नाही’ असे आहे. विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून भरपाई मिळण्याचे जे कलम संहितेत आहे, त्याची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांतून सुटलेल्यांना भरपाई देण्यासाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली होती. तो कायदा झाला नाही. नाशिकच्या त्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांचा हिशेब केला तर दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत. आंब्याच्या बागेतल्या राखणदाराला आपण याहून जास्त देतो. तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून त्यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई करावी, असेही न्यायालयाने राज्याच्या गृह विभागाला सांगितले होते.

त्या निकालाची चर्चा सहा आरोपींच्या नावाने होते आणि ते साहजिक आहे. मला मात्र ती साक्षीदार महिला अधिक आठवते. घरातली पाच माणसे गेल्यावर, स्वतः जखमी असताना, दोन दिवसांच्या आत तिने छायाचित्रे चाळली आणि चार चेहऱ्यांवर बोट ठेवले. तो जबाब लिहिला गेला, त्यावर तारीख पडली, आणि ते चौघे कोण होते, त्या रात्री कुठे होते, हे कोणी त्यांना विचारले नाही.